कचरा-मेलवर केस टाकावी की फिल्टर लावावा?

अशोक चौकाजवळ आमच्या एका गिऱ्हाइकाचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. सोलापुरातल्या अशा पंधरा-वीस दुकानांचे आणि कारखान्यांचे कॉम्प्युटर, मेल आणि वेबसाइट मी सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात अण्णांनी बोलावून घेतलं आणि मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "बघा सर, सकाळपासून त्रेपन्न मेल. लोन घ्या, वेबसाइट करून देतो, लॉटरी लागली. ह्यांच्यावर केस टाकता येत नाही का?"

काहींवर टाकता येते, बहुतेकांवर नाही. नुसता वैताग देणाऱ्या मेलसाठी आपल्याकडचा कायदा फार पातळ आहे, तिथे सेटिंगच कामी येतात. फसवणाऱ्या मेलसाठी कायदा भरपूर आहे, पण त्याला वेळेवर तक्रार लागते आणि पुरावा लागतो. लोक नेमकं उलटं करतात. कर्जाच्या जाहिरातीवर चिडून पोलीस ठाण्याची वाट धरतात, आणि बँकेच्या नावाने आलेला खोटा मेल मात्र घाबरून डिलीट करतात. अण्णांकडे आम्ही जे टप्प्याटप्प्याने केलं, तेच खाली लिहितो.

आधी, हे होतं कसं

ट्रान्सपोर्टला माल टाकताना बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, पाठवणाऱ्याचं नाव काय लिहायचं, ते आपणच सांगतो. समोरचा कारकून आधार कार्ड मागत नाही. मेलचंही तसंच आहे. मेल पोचवण्याचे नियम १९८२ मध्ये ठरले, तेव्हा जाळ्यावर होती ती विद्यापीठं, प्रयोगशाळा आणि लष्करी कार्यालयं. सगळे एकमेकांच्या ओळखीचे. पाठवणारा खरा की खोटा हे तपासायची सोय त्या नियमांत ठेवलीच नव्हती. म्हणून आजही ‘फ्रॉम’च्या रकान्यात कुणीही कुणाचंही नाव टाकू शकतो.

त्याच्याही आधी, मे १९७८ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा जाहिरात धाडली. लोक खवळले. पण त्यातून कंपनीचा माल चांगला खपला, असं थर्क पुढे सांगत राहिले. हा धंदा का थांबत नाही, ते त्या पहिल्याच खेपेत दिसतं. पाठवायला खर्च जवळजवळ नाही, आणि हजारांत एकाने घेतलं तरी भागतं.

पायरी १: तीन ढीग करा

एखाद्या सुटीच्या सकाळी तासभर बसा. मोबाइलवर नको, कॉम्प्युटरवर. शेवटच्या आठवड्यातले नको असलेले सगळे मेल पाहा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ह्याला माझा पत्ता मी दिला होता का? कधीतरी रेल्वेचं तिकीट काढलं, मॉलमध्ये बिल करताना मेल सांगितला, मुलाच्या क्लासची चौकशी केली, तर तो पहिला ढीग. ज्याचा आपला काही संबंध नाही पण जो काहीतरी विकतोय, तो दुसरा. आणि जो दुसऱ्याचं सोंग घेऊन आलाय, बँकेचं, जीएसटीचं, कुरिअरचं किंवा आपल्याच व्यापाऱ्याचं, तो तिसरा.

अण्णांच्या त्रेपन्नपैकी एकतीस पहिल्या ढिगातले निघाले. म्हणजे निम्म्याहून जास्त पाहुणे त्यांनी स्वतःच बोलावलेले होते.

पायरी २: पहिला ढीग सभ्यपणे बंद करा

यांना ‘रिपोर्ट स्पॅम’, म्हणजे कचरा-मेल म्हणून तक्रार, करू नका. आज वैतागून कराल आणि उद्या त्याच कंपनीचं तिकीट किंवा बिल स्पॅममध्ये जाऊन पडेल. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच ‘अनसबस्क्राइब’ दिसतं, ते दाबा. जुलै २०२५ पासून जीमेलने ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ ही यादीही द्यायला सुरुवात केली आहे. डावीकडच्या मेनूत ती सापडते. कोण किती मेल पाठवतं ते एकाखाली एक दिसतं आणि तिथूनच नाव काढता येतं. अण्णांचे एकतीस त्यातूनच वीस मिनिटांत निकालात निघाले.

हे बटण कंपन्यांच्या चांगुलपणामुळे आलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पाठवणाऱ्यांना अट घातली. दिवसाला जीमेलच्या ५,००० पत्त्यांवर मेल टाकणार असाल तर एका क्लिकवर नाव काढायची सोय हवी, ते नाव दोन दिवसांत निघायला हवं, आणि तुमच्या मेलला ‘स्पॅम’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं. नाहीतर मेल पोचणार नाही. माझं मत विचाराल तर गेल्या वीस वर्षांत कुठल्याही सरकारी कायद्याने जाहिरातदारांना जेवढी शिस्त लावली नसेल, तेवढी या एका अटीने लावली.

कायद्याची बाजूही आता उभी राहते आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे, असं हा कायदा म्हणतो. मात्र कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियम आल्यापासून १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर बटण दाबूनही मेल येतच राहिले, तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला दोन ओळींचा मेल लिहा: ‘माझ्या पत्त्यावर जाहिरात पाठवण्याची संमती मी मागे घेत आहे.’ तारीख टाका आणि प्रत जपून ठेवा. निम्म्या वेळा तेवढ्यावरच काम होतं.

पायरी ३: दुसऱ्या ढिगाला उत्तर देऊ नका

अनोळखी मेलच्या तळाशी असलेल्या ‘नाव काढण्यासाठी इथे क्लिक करा’ वर कधीही क्लिक करू नका. त्यातून समोरच्याला एवढंच कळतं की हा पत्ता जिवंत आहे आणि कुणीतरी वाचतंय. जिवंत पत्त्याला बाजारात जास्त भाव मिळतो. मेल उघडल्यावर आपोआप दिसणारी चित्रंही तेच काम करतात. त्यात डोळ्यांना न दिसणारं एक टिंब असतं. ते लोड झालं की पाठवणाऱ्याकडे नोंद होते. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘इमेजेस’समोर ‘आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस’ हा पर्याय आहे, तो निवडा.

मग मेल न उघडताच निवडा आणि ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबा. नुसतं डिलीट करू नका, कारण त्यातून मशीन काहीच शिकत नाही. फिल्टर कसा चालतो ते कळलं की हे पटतं. सुरुवातीला काळ्या यादीवर भिस्त होती. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी स्पॅम सोडणाऱ्या सर्व्हरांची यादी चालवायला घेतली, पुढच्या वर्षी अशाच याद्या ठेवणारं स्पॅमहाउस सुरू झालं. जगभरातले मेल-सर्व्हर आजही अशा याद्या बघूनच दार उघडतात. पण सर्व्हर बदलला की यादी चुकते. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी दुसरा रस्ता लोकप्रिय केला. कचऱ्यातले शब्द मोजा, चांगल्या मेलमधले शब्द मोजा आणि नवीन मेल कुणाशी जास्त जुळतो त्याचा हिशेब काढा. आजचे फिल्टर त्याच्या कितीतरी पुढे गेलेत, पण मूळ गोष्ट तीच आहे: वाचणाऱ्याने दाखवलेल्या उदाहरणांवरून ते शिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा स्पॅमच्या फोल्डरमध्येही डोकवा आणि चुकून गेलेल्या मेलला ‘नॉट स्पॅम’ करा. जीमेल तिथला माल ३० दिवसांनी कायमचा पुसून टाकतं.

एकेक पत्ता ‘ब्लॉक’ करत बसणं म्हणजे वेळ घालवणं. कचरावाला दर खेपेला नवा पत्ता घेऊन येतो. त्यापेक्षा उलटा फिल्टर करा. सीए, बँक, ट्रान्सपोर्ट आणि ठरलेले व्यापारी यांचे पत्ते टाकून ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ लावा. फक्त एक करू नका: आपल्याच कंपनीच्या डोमेनला, म्हणजे मेल-पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाला, ही सूट देऊ नका. आपल्याच नावाचं सोंग घेऊन येणाऱ्याला तो खुला दरवाजा होतो. हा प्रताप मी एका ठिकाणी करून बसलो आहे, म्हणून ठासून सांगतो.

पत्ता मुळात बाहेर कसा पडतो, तेही बघा. जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल आपल्याकडेच येतो. प्रत्येक दुकानाला वेगळा शब्द जोडून पत्ता द्या. पुढे त्या पत्त्यावर भलत्याच कुणाचा मेल आला की गळती कुठून झाली ते कळतं. पत्ते विकणारे लबाड हा जोड काढून टाकतात, पण सगळेच तेवढे कष्ट घेत नाहीत. स्वतःचं डोमेन असेल तर ‘कॅच-ऑल’ बंद करा. ती सोय चालू असली की त्या डोमेनवर कुठल्याही नावाने आलेला मेल एकाच पेटीत पडतो. अण्णांच्या कंपनीच्या पेटीत अशा न जन्मलेल्या नावांचे मेल दिवसाला पाऊणशे येत होते. वेबसाइटवर पत्ता उघडा लिहून ठेवण्याऐवजी चौकशीचा फॉर्म लावा. पत्ते वेचणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात.

पायरी ४: तिसऱ्या ढिगाला हात लावण्याआधी मेलची पाठ वाचा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलचा कारखाना. माल परदेशात जातो. एकदा त्यांच्या बायरला यांच्याच नावाने मेल गेला: आमचं बँक खातं ऑडिटमुळे तात्पुरतं बंद आहे, या वेळचे पैसे खालच्या खात्यात टाका. भाषा तीच, बिलाचा नंबर खरा, खाली सहीसुद्धा तशीच. कंटेनर कधी निघतोय हे विचारायला बायरने सहज फोन केला म्हणून पैसे वाचले. मेल ज्या पत्त्यावरून गेला होता त्यात एकाच अक्षराचा फरक होता. इंग्रजी आर आणि एन शेजारी लिहिले की एम वाटतो, तसला. आणि खरा धक्का नंतर बसला. कारखान्याच्या मेलमध्ये कुणीतरी गुपचूप फॉरवर्डिंगचा, म्हणजे आलेला मेल आपोआप दुसरीकडे पाठवण्याचा, नियम लावून ठेवला होता. त्यांचा पत्रव्यवहार कित्येक दिवस तिसराच माणूस वाचत होता. एकच पासवर्ड चार मोबाइलवर, आणि तोही कारखान्याचं नाव आणि एक-दोन-तीन.

अशा मेलची तपासणी कॉम्प्युटरवरच करा. मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर जा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. मोबाइलच्या ॲपमध्ये ही सोय नाही. जे पान उघडेल तीच मेलची खरी बिल्टी. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन तपासण्यांसमोर (त्या काय आहेत ते पायरी ७ मध्ये) ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेलं असतं. बँकेच्या नावाने आलेला मेल इथे नापास झाला असेल तर विषय संपला. पण पास झाला म्हणजे खरा असं समजू नका. मेल त्या डोमेनवरून खरोखर निघाला, एवढंच त्यातून कळतं. एका अक्षराने खोटं डोमेन विकत घेणारा माणूसही तिन्ही परीक्षा पास होऊ शकतो. म्हणून डोमेनचं स्पेलिंग एकेक अक्षर वाचा, आणि ‘रिप्लाय-टू’, म्हणजे आपलं उत्तर जिथे जाईल तो पत्ता, भलतीकडेच वळवलाय का ते बघा. खाली ‘रिसीव्हड’च्या ओळी असतात, त्या तळाकडून वर वाचायच्या. अगदी तळाच्या ओळी पाठवणारा खोट्या घुसडू शकतो. आपल्या मेल-सेवेने स्वतः टाकलेली वरची ओळ तेवढी भरवशाची.

काही ठिकाणी पडताळणीची सरकारी सोय आहे. प्राप्तिकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर नोटिशीचा क्रमांक टाकून ती खरी की खोटी ते बघता येतं. २०१९ पासून प्राप्तिकर खात्याच्या आणि केंद्रीय जीएसटीच्या पत्रांवर असा क्रमांक असतो. बँकांच्या वेबसाइट रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटीवर नेल्या. मेलमधली लिंक दुसरीकडेच नेत असेल तर ती दाबू नका, बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा.

कारखान्यात त्यानंतर आम्ही काय केलं, ते थोडक्यात: सगळीकडून साइन आउट, नवा पासवर्ड, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, प्रत्येक माणसाला वेगळं खातं, सेटिंगमधले फॉरवर्डिंग आणि फिल्टर एकेक करून तपासले. आणि प्रत्येक बिलावर छापलं, ‘आमचं बँक खातं मेलवरून कधीही बदलत नाही. तसा मेल आल्यास जुन्या नंबरवर फोन करा.’

पायरी ५: कायद्याकडून काय मागायचं

आता अण्णांचा प्रश्न. आधी एक गैरसमज. १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिराती नकोत अशी नोंद, केली की मेल बंद होतील असं बऱ्याच जणांना वाटतं. ट्राय या दूरसंचार नियामकाचे २०१८ चे नियम फोन आणि एसएमएससाठी आहेत, मेल त्यात येत नाही. नको असलेल्या जाहिरातीच्या मेलसाठी स्वतंत्र असा कायदा भारतात झालेलाच नाही.

एक कलम होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेलं ६६-अ. त्रास द्यायला किंवा मेल कुठून आला याबद्दल दिशाभूल करायला पाठवलेला मेलही त्यात गुन्हा होता, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. पण त्याची भाषा इतकी सैल होती की ते स्पॅमवाल्यांऐवजी फेसबुकवर मत मांडणाऱ्यांवर चाललं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली ती त्यातूनच. श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम सगळंच रद्द केलं. बरंच झालं. पण त्याबरोबर मेलचा तो तुकडाही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही. अजूनही कुणी ६६-अ खाली तक्रार लिहून देतो म्हणाला, तर नम्रपणे नको म्हणा. मेलेल्या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका, असं न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं होतं.

फसवणुकीचं मात्र वेगळं आहे. दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटरवरून ठकवलं तर कलम ६६-ड, दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरली तर ६६-क. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. जोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), म्हणजे जुनं ४२०, त्यात सात वर्षांपर्यंत कैद. पैसे गेलेच पाहिजेत असंही नाही. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे नॅसकॉम या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेच्या नावाने खोटे मेल पाठवणाऱ्यांचं प्रकरण आलं. न्यायालयाने फिशिंग, म्हणजे असं सोंग घेऊन मेलवरून माहिती उकळणं, बेकायदा ठरवलं आणि प्रतिवादींनी १६ लाख रुपये भरपाई द्यायचं कबूल केलं. तेव्हा आपल्या कायद्यात फिशिंग हा शब्दही नव्हता.

पायरी ६: पैसे गेले असतील तर, या क्रमाने

आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. घरच्यांना सांगण्याआधी, बँकेच्या शाखेत रांग लावण्याआधी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतात, आणि या क्रमांकामागची व्यवस्था ते जिथे असतील तिथे गोठवायला बँकांना कळवते. जितका उशीर, तितकी खाती पुढे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपला खाते क्रमांक हाताशी ठेवा. लगोलग बँकेच्या हेल्पलाइनवरही नोंद करून तक्रार क्रमांक घ्या. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर सविस्तर तक्रार.

त्यानंतर पोलीस ठाणं. सोलापूर शहराचं आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीण पोलीस वेगळे, त्यामुळे ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हे वाक्य ऐकायला मिळू शकतं. अडून राहू नका. गुन्हा कुठेही घडला असला तरी झिरो एफआयआर नोंदवता येतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे माहिती ऑनलाइनही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो, म्हणून थेट त्यांनाच भेटा.

लोक पुराव्यात फार कमी पडतात. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल्टीचा फोटो, बिल्टी नव्हे. ‘शो ओरिजिनल’च्या पानावर ‘डाउनलोड ओरिजिनल’ आहे. ती फाइल उतरवून पेन ड्राइव्हमध्ये ठेवा. मेल साधा फॉरवर्ड केला तर मूळचं हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची नोंद, जातं, द्यायचाच असेल तर ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ करा. आणि काही झालं तरी मूळ मेल पुसू नका. तो स्पॅममध्ये असेल तर बाहेर काढून ठेवा, तीस दिवसांची घंटा चालू असते. कोर्टात उभं राहायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा, येतो. वकिलांना हे पहिल्याच भेटीत विचारा.

एक रस्ता सोलापुरात फारसा कुणाला माहीत नाही. पाच कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात निवाडा अधिकारी असतो. महाराष्ट्रात ते काम राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव बघतात. पुण्यातल्या एका उद्योगाचे ८० लाखांवर रुपये फिशिंग मेलनंतर गेले होते. मालकाने मेलला उत्तर दिलं होतं, तरी बँकेची सुरक्षाही ढिली होती म्हणून ४५ लाख बँकेने द्यावेत असा निवाडा २०१३ मध्ये झाला. म्हणजे चूक आपली असली तरी सगळं संपलं असं नाही.

पैसे गेले नाहीत, नुसता सापळा आला, तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेला मूळ मेल जोडून कळवा आणि पुढे चला.

पायरी ७: आपल्या नावाने दुसऱ्याला पाठवू देऊ नका

तुम्ही न पाठवलेले मेल ‘पोचले नाहीत’ म्हणून परत येतात का? मग कुणीतरी तुमचं नाव बिल्टीवर लिहितंय. स्वतःचं डोमेन असलेल्या प्रत्येक कारखान्याने तीन नोंदी करायलाच हव्यात. डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, त्या जातात. काम अर्ध्या दिवसाचं, खर्च शून्य.

एसपीएफ म्हणजे आमचा माल फक्त या या टेम्पोंतून येतो अशी जाहीर यादी. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद हवी, दोन झाल्या की दोन्ही बाद. त्यात दुसऱ्या सेवांचे संदर्भ शोधायला दहाची मर्यादा आहे, म्हणून जुन्या, बंद झालेल्या सेवा काढून टाका. डीकेआयएम म्हणजे गठ्ठ्यावरचं सील. मेल निघताना त्यावर गुप्त किल्लीने शिक्का बसतो, आणि वाटेत कुणी आत हात घातला तर तो तुटतो. किल्ली २०४८ बिटची घ्या. आणि डीमार्क म्हणजे, टेम्पो यादीतला नसेल आणि सीलही आमचं नसेल तर मालाचं काय करायचं ते समोरच्याला आधीच दिलेलं पत्र. ‘नन’ म्हणजे नुसतं बघ आणि मला कळव, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाक, ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत लाव.

इथे घाई करू नका. मी एकदा दिवाळीच्या आधी एका दुकानाला पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावून टाकलं. त्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर त्यांच्याच डोमेनच्या नावाने, पण स्वतःच्या सर्व्हरवरून बिलं पाठवतं, हे मी विचारलंच नव्हतं. चार दिवस एकही बिल कुणाला पोचलं नाही. ऐन सीझनमध्ये! मालकांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे. ‘नन’ लावायचं, रोजचे अहवाल एका वेगळ्या पत्त्यावर मागवायचे, महिनाभर बघायचं की आपल्या नावाने कोण कोण पाठवतंय. बिलिंग, वेबसाइटचा फॉर्म, पगारपत्रकं, सगळे सापडले आणि पास व्हायला लागले की ‘क्वारंटाइन’. आणखी महिन्याने ‘रिजेक्ट’. आणि जे डोमेन घेऊन ठेवलंय पण ज्यावरून मेल पाठवत नाही, त्याला पहिल्या दिवशीच ‘रिजेक्ट’ लावा. तिथे बिघडायला काही नाही.

पायरी ८: आपलाही मेल कुणाच्या तरी दुसऱ्या ढिगात पडतो

हे सगळं होता होता दिवाळी आली. अण्णांनी ड्रॉवरमधून एक पेन ड्राइव्ह काढला. कुणीतरी त्यांना ‘पन्नास हजार टेक्स्टाइल बायर’ची यादी विकली होती. "आता आपले मेल नीट जातात ना सर? मग ह्यांना सगळ्यांना एकदम चादरींचा कॅटलॉग टाकून द्या."

साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांनाच पाठवता येतं, पैसे भरलेल्या वर्कस्पेसवरून २,०००. पण अडचण आकड्याची नाही. अशा विकतच्या याद्यांत मुद्दाम पेरलेले सापळा-पत्ते असतात, जे कुणा माणसाचे नसतातच. त्यांच्यावर मेल पडला की डोमेन काळ्या यादीत, आणि मग खऱ्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं कोटेशनही स्पॅममध्ये. शिवाय आपला माल जिथे जातो तिथले कायदे आपल्यासारखे पातळ नाहीत. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा १ जानेवारी २००४ पासून लागू आहे. तो आधी संमती मागत नाही, पण विषयाची ओळ खरी हवी, आपला टपालाचा पत्ता हवा, आणि नाव काढा म्हटल्यावर कामाच्या दहा दिवसांत काढायला हवं. दंड मेलगणिक मोजतात, एका मेलमागे ५० हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. कॅनडात २०१४ पासून आधी संमतीच लागते. युरोपातही नियम संमतीचाच, फक्त जुन्या गिऱ्हाइकाला तशाच मालाबद्दल लिहायला थोडी मोकळीक. जर्मनीत तर कंपन्यांना जाहिरातीचा मेल पाठवायलाही आधी संमती लागते. जानेवारीत, इकडे सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते त्याच सुमारास, आपले टॉवेलवाले फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिलच्या प्रदर्शनाला जातात आणि खिसाभर व्हिजिटिंग कार्डं घेऊन येतात. कार्ड मिळालं म्हणजे जाहिरातीची संमती मिळाली असं होत नाही. कार्डाच्या मागे तिथेच पेनने लिहून घ्या, कॅटलॉग हवा म्हणाले का, कधी, कुठल्या मालाचा.

अण्णांना हे सगळं सांगितलं, पण पटलं ते दुसऱ्याच गोष्टीने. यादी एक्सेलमध्ये उघडली आणि मी सहज त्यांचाच मेल-पत्ता शोधला. अकरा हजारांच्या पुढे कुठेतरी तो सापडला, दुकानाच्या नावासकट. अण्णा थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मलापण विकलाय की."

मग आम्ही गेल्या दोन वर्षांची बिलं काढली. ज्यांनी माल घेतला, त्यांतल्या मेल असलेल्यांना एकेक साधा मेल टाकला: नवीन डिझाइन आलं की कळवू का? एकशे बासष्टपैकी अठ्ठावन्न जणांनी ‘हो’ म्हणून उत्तर दिलं. त्यांना आता दोन महिन्यांतून एकदा कॅटलॉग जातो, पत्ते ‘बीसीसी’त, म्हणजे एकाचा दुसऱ्याला दिसत नाही, तळाशी दुकानाचा पूर्ण पत्ता आणि नाव काढायची लिंक. संक्रांतीपर्यंत त्यांतल्या नऊ जणांनी फोन केले होते.